तिसऱ्या वर्षाची तेरीज

१९८२ साली बारावी झाले, तेव्हा पदवी 'निवडायची' असते हे मला ठाऊकच नव्हतं. कोल्हापुरात कॉमर्सला गेलं की शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम., एवढी एकच वाट. कॉलेज सकाळी सातला, अकराला सुटायचं. उरलेला दिवस शुक्ला-ग्रेवालच्या जाडजूड पुस्तकातली गणितं सोडवण्यात जायचा. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या की मी वहीत लाल पेन्सिलीनं दोन रेघा ओढायची. त्या रेघांचा आनंद अजून तसाच आहे.

पदवीनंतर सीएसाठी तीन वर्षांची आर्टिकलशिप. ४० लाखांवर उलाढाल असलेल्या धंद्यांना टॅक्स ऑडिट तेव्हा नुकतंच सक्तीचं झालं होतं, त्यामुळे आमच्या ऑफिसात काम भरपूर. माझ्या वाट्याला मार्केट यार्डातले गुळाचे अडते आले. त्यांचं हिशेबाचं वर्ष दिवाळीला संपायचं. सगळ्यांना सरसकट ३१ मार्च लागू झाला तो नंतर, १९८९ मध्ये. दिवाळी जवळ आली की गुळाच्या वासानं भरलेल्या पेढीवर, गादीवर मांडी घालून, रोजकीर्दीवरून खतावणी तपासत बसायचं.

पहिल्या दिवाळीला मी सांगितलं तिथं खुणा केल्या, कळलं काहीच नाही. दुसऱ्या वर्षी तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, जुळेना, तेव्हा एका म्हाताऱ्या दिवाणजींनी शेजारी बसवून घेतलं. म्हणाले, "फरकाला नवानं भागून बघ. भाग गेला तर आकडे उलटे पडले असतील. नाहीतर फरक निम्मा कर आणि ती रक्कम शोध, जमेची नावे पडली असंल." कुठल्याच वर्गात मला हे इतक्या सोपेपणानं कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवाळीला तेच दिवाणजी स्वतः वही घेऊन आले. "पोरी, बघ बरं, कुटं अडलंय ते." अकाउंटंट मी त्या दिवशी झाले, असं मी मानते. निकाल पुढं लागला.

यंदा ठाण्याच्या भाचीची बारावी झाली. तिच्यापुढे साधं बी.कॉम. आहे, मुंबई विद्यापीठाचं अकाउंटिंग अँड फायनान्स म्हणजे बीएएफ आहे, चार वर्षांची ऑनर्स पदवी आहे, एसीसीएचे पेपर जोडून देणारे कोर्स आहेत. सीएची फाउंडेशन बारावीवरच देता येते. किंवा कॉमर्सची पदवी ५५ टक्क्यांनी मिळवली तर फाउंडेशन टाळून थेट इंटरमिजिएटला बसता येतं. आम्हाला मे आणि नोव्हेंबर अशा दोनच संधी होत्या, हिला वर्षाला तीन. पुढच्या संधीची वाट पाहण्यात मुलांचा जाणारा वेळ कमी झाला, याचा मला मनापासून आनंद आहे.

खटकते ती एकच गोष्ट. २०२३ पासून आर्टिकलशिप दोन वर्षांवर आली. म्हणजे भाचीच्या वाट्याला दोनच मार्चअखेरी येणार. तिसरं वर्ष, ज्यात मला सगळं उमगलं, ते तिच्या अभ्यासक्रमातच नाही.

म्हणून तिनं विचारलं, "मावशी, कुठली पदवी घेऊ?" तेव्हा मी साधं बी.कॉम. म्हटलं. बीएएफचा अभ्यासक्रम चांगला आहे, त्यात कॉस्टिंग, ऑडिट, कर हे सगळं जास्त खोलात जातं. सीए करायचं नसेल, पदवीनंतर लगेच नोकरी हवी असेल, तर मी तेच सांगितलं असतं. पण तिला सीए व्हायचंय. तिथं हे विषय पुन्हा येणारच. मग पदवीनं तिला मोकळी दुपार द्यावी, कुणाच्या तरी पेढीवर बसायला. तिच्या आईला हे पटलेलं नाही. "नुसत्या बी.कॉम.ला आता कोण विचारतं?" असं ती म्हणते, आणि तिची काळजी मला समजते.

भाचीनं आणखी एक विचारलं. "तेरीज जुळत नाही म्हणजे काय गं?" टॅलीवर वाढलेली मुलगी. दोन्ही बाजू सारख्या नसतील तर ते व्हाउचर घेतच नाही. न जुळलेली तेरीज तिनं पाहिलेलीच नव्हती.

मी जुन्या पद्धतीची एक महिन्याची रोजकीर्द आणि खतावणी हातानं लिहून तिला दिली. काल रात्री अकरापर्यंत तिच्या खोलीतला दिवा चालू होता. फरक २७० चा आहे. नवाचं मी अजून तिला सांगितलेलं नाही.