अंगण खरंच वाकडं होतं

तर झालं काय, लेकीसाठी नवी एअर रायफल घेतली. १० मीटरच्या स्पर्धेची, परदेशी बनावटीची. नव्या गाडीचा विचार पुढे ढकलून! खोक्यात कारखान्यात चाचणी घेतलेलं टार्गेट होतं. पाच छर्रे मारलेले, पण कागदाला जेमतेम एकच भोक. मी ते कौतुकाने फ्रीजवर लावलं.

आणि लेकीचा स्कोअर घसरायला लागला.

या खेळात मधला १० गुणांचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा. तिचे नेम कधी वर लागायचे, कधी खाली. "बाबा, रायफलमध्येच काहीतरी..." मी तिला पुरतं बोलूही दिलं नाही. "नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणून मोकळा झालो. तेही रेंजवर, तिच्या मैत्रिणींसमोर. पुढे तीन आठवडे ती आपला श्वास, खांदा, ट्रिगरवरचं बोट तपासत राहिली. रायफलचं नाव काढणं तिने बंद केलं.

शेवटी सरांनी रायफल व्हाइसमध्ये आवळली आणि स्वतः पाच छर्रे मारले. पाचही भोकं एकाखाली एक! "डावी-उजवीकडे काही नाही, फक्त वर-खाली. रेग्युलेटर बिघडलाय," सर म्हणाले. हवेचा दाब दर वेळी सारखा मिळाला नाही, की छर्ऱ्याचा वेग बदलतो आणि १० मीटरवरही तो वर-खाली लागतो.

आता काय करायचं? ओळखीचे दुरुस्तीवाले काका दोन दिवसांत सील बदलून द्यायला तयार होते. पण त्यांनी रायफल उघडली की वॉरंटी संपली. कंपनीकडे पाठवायची तर दीड-दोन महिने, आणि स्पर्धा महिन्यावर आलेली. मी काकांकडेच निघालो होतो. खरं तर रायफलपेक्षा माझ्याच मनाला घाई झाली होती.

लेक म्हणाली, "बाबा, कंपनीकडेच पाठव. मी क्लबच्या जुन्या रायफलवर खेळते. ती निदान खोटं बोलत नाही."

रायफल गेली. त्या रात्री मी तिची माफी मागितली. "ठीक आहे," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण तू सगळ्यांसमोर बोलला होतास."

रविवारी रेंजवर, त्याच मैत्रिणींसमोर, पुन्हा मागितली.

असो. फ्रीजवर आता सरांचं टार्गेट आहे, एकाखाली एक पाच भोकांचं. कारखान्याचं काढून ठेवलंय.