ओढा गुडघ्याला लागला की परत

गेल्या वर्षी जुलैतल्या एका रविवारची गोष्ट. पहाटे साडेपाचला आम्ही अकरा जण जासईत आमच्या घरासमोर जमलो आणि चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगराकडे पळत निघालो. बहुतेक आयटीवाले. आयोजक अर्थात अस्मादिक! व्हॉट्सॲपचा ग्रुप, जीपीएसची फाईल आणि शेवटी वडापाव, एवढीच तयारी. कोणीतरी विचारलं, "नियम काय?" मी म्हटलं, "नियम हवेत तर हापिसात बसा की."

जासईत पळायचं म्हणजे आधी कंटेनरच्या ट्रेलरांमधून जीव वाचवत रस्ता ओलांडायचा. त्यामुळे डोंगराची पायवाट लागली की कोण आनंद होतो. पण नऊच्या सुमारास पाऊस असा कोसळला की पुढचा माणूस दिसेना. दहा जण खाली पोचलो. अकरावा नाही. अकरावा म्हणजे माझा मावसभाऊ, माझ्याच आग्रहाने आलेला. फोन लागेना. दीड तास मी एकच विचार करत होतो, मावशीला काय सांगू?

शेवटी वर वाडीत राहणारे एक काका त्याला हाताला धरून घेऊन आले. अंगावर त्यांचाच प्लास्टिकचा कागद, दात वाजतायत. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "वर येणार होता तर वाडीत सांगायचं. ओढा कधी चढतो ते आम्हाला माहीत."

त्या रात्री झोप येईना, म्हणून वाचत बसलो. २२ मे २०२१ ला चीनमधल्या गान्सू प्रांतात १०० किमीची डोंगरी शर्यत होती. मधेच गारा आणि सुसाट वारा सुटला, आणि २१ धावपटू थंडीने गारठून गेले. त्यात देशातले नामवंत धावपटूसुद्धा होते. वारा अडवणारं जॅकेट त्या शर्यतीत सक्तीचं नव्हतं. पण मला खरी टोचली ती दुसरी गोष्ट. तिथल्या एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या आसऱ्याच्या गुहेत नेलं, शेकोटी पेटवली आणि वाचवलं. म्हणजे तिथेही एक काका होतेच!

मग हा खेळ चालवतं कोण, ते शोधायला लागलो. २००३ मध्ये फ्रान्समधल्या शामोनीत मों ब्लां पर्वताला वळसा घालणारी यूटीएमबी सुरू झाली, अंतर १७० किमीच्या आसपास. २०१३ मध्ये इट्रा ही आंतरराष्ट्रीय संघटना आली. २०१५ मध्ये जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने ट्रेल रनिंगला मान्यता दिली. २०२१ मध्ये यूटीएमबीने आयर्नमॅनवाल्यांशी हातमिळवणी केली आणि जगभर शर्यतींची साखळी उभी केली. आता शामोनीच्या सोडतीत नाव घालायला त्या साखळीतल्या शर्यतीत मिळणारे 'स्टोन' लागतात. आपली सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा कितीही घाम गाळून पुरी करा, स्टोन नाही मिळत. त्यासाठी विमानाचं तिकीट काढायचं, चियांग माईला वगैरे.

तक्रार नाही बरं का. जॅकेट, शिट्टी, हेडलॅम्प सक्तीचे केले की माणसं वाचतात, आणि असे नियम कोणीतरी मोठ्याने लावावेच लागतात. पण कुठला ओढा किती वाजता चढतो, हे शामोनीत बसून कोणाला कळणार? हा अर्धा नियम डोंगरावर राहणाऱ्यांकडेच असतो.

आणि हे मला कळू नये? याच अक्कादेवीच्या डोंगरावर २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रह झाला, इंग्रजांनी गोळ्या झाडल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासईचेच दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी उभे राहिले, गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन मिळते ती त्या लढ्यामुळे. आमचे आजोबा त्या गर्दीत होते. रविवारच्या पळण्याशी त्याची बरोबरी करत नाही, तेवढी अक्कल आहे. पण ज्यांचा डोंगर त्यांना आधी विचारायचं, हे ज्या घरात जन्मापासून ऐकलं, त्याच घरासमोरून मी कोणालाही न विचारता निघालो होतो.

असो. सप्टेंबरमध्ये परत गेलो. या वेळी आधी एका शनिवारी वाडीत जाऊन काकांना भेटलो. फाईल दाखवली तर हसले. मग स्वतः चालत वाट दाखवली, दोन ठिकाणी बदलायला लावली. वाडीतली दोन पोरं वळणांवर उभी राहिली, त्यांचे पैसे आधी ठरले. जॅकेट नसलेल्या एकाला मी घरी पाठवलं, तो अजून बोलत नाही माझ्याशी.

कट-ऑफ मात्र काकांनी ठरवला. घड्याळाचा नाही. "ओढा गुडघ्याला लागला की परत." त्या दिवशी तो लागला. आम्ही सगळे परत फिरलो, मावसभाऊ सर्वात आधी.