आधी घर, मग बातमी

मंडळी, पोस्ट थोडी मोठी आहे. पण वाचा. ग्रुपचे अ‍ॅडमिन आहेत त्यांनी आणि माझ्यासारखं बातमीवर पोट भरणाऱ्यांनी तर नक्कीच वाचा.

परवा रात्री आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर एका मुलाचा फोटो आला. शिकायला बाहेर होता, रस्त्यात कुणीतरी मारलं आणि त्यात गेला. फोटोवर लाल पट्टीत 'ब्रेकिंग', खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि हात जोडलेल्यांची रांग. मी पोलीस ठाण्यात फोन लावला. घरच्यांना अजून कळवलेलंच नव्हतं.

मला २०११ सालचा डिसेंबर आठवला. पुण्याचा २३ वर्षांचा मुलगा. इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनिअर होऊन पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला लँकेस्टर विद्यापीठात गेलेला. ख्रिसमसच्या सुट्टीत मित्रांबरोबर मँचेस्टर बघायला आला. २६ डिसेंबरला रात्री दीडच्या सुमारास शेजारच्या सॅलफर्डमध्ये रस्त्याने चालले होते. समोरून एकजण आला, किती वाजले म्हणून विचारलं आणि डोक्यात गोळी घातली. ना ओळख, ना भांडण. पैशासाठीही नाही. कोर्टात नाव विचारलं तर मारेकऱ्याने स्वतःला 'सायको' म्हणवून घेतलं. जुलै २०१२ मध्ये त्याला जन्मठेप झाली, किमान ३० वर्षं आत.

तिकडचा रात्रीचा दीड म्हणजे आपल्याकडे सकाळचे सात. पुण्यातल्या त्या घराला पोरगा गेल्याचं पोलिसांकडून कळलं नाही. फेसबुकवरून कळलं. पुढे मँचेस्टरच्या पोलिसांनी त्याबद्दल माफी मागितली, अधिकारी पुण्याला पाठवून आईवडिलांची भेट घेतली.

तेव्हा मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत डेस्कवर होतो. चहा पिता पिता मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, "एवढे शिस्तीचे पोलीस आणि साधा एक फोन करता आला नाही?"

आता माझं सांगतो.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी. आमच्याच तालुक्यातला पोरगा, मोठ्या शहरात विद्यापीठात शिकत होता. रात्री अभ्यासिकेतून खोलीवर चालत जाताना मोटरसायकलवरच्या दोघांनी त्याचा मोबाईल हिसकावला. हा मागे धावला, झटापटीत दुभाजकावर आपटला. पहाटे सरकारी दवाखान्यात गेला. सहाच्या आधी तिथल्या एका बातमीदार मित्राचा मला फोन आला. बातमी पक्की होती. मी दवाखान्यातही विचारून खात्री केली. त्याच्या प्रोफाइलवरून फोटो काढला, नाव, गाव, कॉलेज सगळं टाकून सव्वासहाला पोस्ट केलं. जिल्ह्यात सगळ्यात पहिला मी. दोन तासांत फोन गरम झाला शेअर होऊन होऊन. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं होतं.

त्याच्या वडिलांना पोलिसांनी रात्री एवढंच सांगितलं होतं की अ‍ॅक्सिडेंट झालाय, सिरीयस आहे, या. ते पहाटेच्या एसटीत बसले होते. सोबत चुलता. सहा तासांचा रस्ता. मधल्या एका स्टँडवर गाडी चहाला थांबली आणि त्यांनी मोबाईल उघडला.

मला हे कळलं दशक्रियेनंतर. घरी भेटायला गेलो तेव्हा. बातमी माझी होती हे त्यांना माहीत होतं. ओरडतील, हाकलून देतील असं वाटलं होतं. त्यांनी पाणी दिलं, बसा म्हणाले. मग म्हणाले, "साहेब, बातमी खरीच होती तुमची. पण मी माझं पोरगं जिवंत आहे असं धरून चाललो होतो. तुम्ही अर्ध्या वाटेत काढून घेतलं ते. पुढचे तीन तास एसटीत कसे काढले, मला माहीत."

मी काही बोललो नाही. बोलायला होतं काय?

पत्रकारितेच्या डिप्लोमात मला शिकवलं होतं, बातमीत काय, कुठे, कधी, कोण, का, कसं हे हवंच. घरच्यांना कळलं का, हा प्रश्न त्या यादीत नव्हता. आणि चुकीची बातमी देऊ नये एवढीच आपली नीती, असं मी पंधरा वर्षं धरून चाललो होतो. खरी बातमीसुद्धा चुकीच्या वेळी देता येते हे मला त्या घरात कळलं.

आता काहीजण म्हणतील, तुम्ही थांबलात तरी दुसरा टाकणारच. टाकेल. मीही तेव्हा स्वतःला हेच सांगत होतो. पण त्या बापाने दुसऱ्या कुणाची नाही, माझी पोस्ट वाचली होती.

आणि पोलिसांच्या भरवशावर राहू नका. ब्रिटनमध्ये खुनाच्या तपासात कुटुंबाशी बोलायला वेगळा अधिकारी नेमतात, तरी फेसबुक पुढे गेलं. आपल्याकडे रात्रपाळीला ठाणे अंमलदार, त्याच्याकडे पंचनामा, जबाब, वायरलेस आणि दारात उभी भांडणं. त्याच्या हातून निरोप जायला वेळ लागणार. तेवढा वेळ आपण द्यायचा.

मी तेव्हापासून एवढंच पाळतो. मृत्यूची बातमी आली की ठाण्यात एक फोन, "घरच्यांना कळवलं का?" हो म्हणाले तरच नाव. नाहीतर 'तालुक्यातील विद्यार्थ्याचा मृत्यू' एवढंच. आणि छोट्या गावात तेवढ्यावरूनही ओळख पटत असेल तर तेही नाही. फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय नाही. यात दोनदा बातमी हातची गेली, संपादकांची बोलणी खाल्ली. चालतंय.

अ‍ॅडमिन मंडळी, तुमच्या हातात डिलीटचं बटण आहे. परवा आमच्या अ‍ॅडमिनला मी रात्री साडेअकराला उठवलं. तो आधी वैतागला, मग फोटो काढला. तोवर किती ठिकाणी गेला असेल देव जाणे. काल त्या मुलाच्या मामांना भेटलो. त्याच्या आईला त्यांनी स्वतः, जवळ बसून सांगितलं. मोबाईल आदल्या रात्रीच त्यांनी तिच्याकडून काढून घेतला होता.

पोस्ट पटली तर तुमच्या गावाच्या ग्रुपवर टाका. माझं नाव नसलं तरी चालेल.