कुलाबा जिल्ह्यात शोध

एडवण, ता. पालघर

प्रिय सखी,

लेकीला वंशवृक्ष करायचाय आणि गाडी पणजोबांपाशी अडलीय, असं परवा फोनवर म्हणालीस. अश्दोदला बसून युरोपातल्या यहुद्यांच्या याद्या चाळू नकोस. आपल्या कोकणातला यहुदी, बेने इस्राएल माणूस, तिथे सापडायचा नाही. तो आपल्या सरकारी दफ्तरात आहे, मराठीत आणि त्याआधी मोडीत.

आमच्या वाडीचे जुने फेरफार मी हल्लीच सरकारच्या ‘आपले अभिलेख’वर पाहिले. स्कॅनमध्येही पानाची कड कसरीने खाल्लेली दिसते, शाई फुटलीय. पण पणजोबा मयत, वारस म्हणून लागलेले मुलगे, कुणाचा हिस्सा किती, खाली मंजुरीची सही, सगळं जागच्या जागी. मुलींचा पत्ता नाही, ते सोड. गाव मात्र ‘तालुका माहीम, जिल्हा ठाणे’. पालघर जिल्हा २०१४चा, त्या कारकुनाला त्याचं काय! तुझंही तसंच होईल. तुमच्याकडच्या रायगड जिल्ह्याचं हे नाव १९८१चं. त्याआधीचे कागद कुलाबा जिल्ह्याचे. आणि मुरूड-म्हसळ्याकडची माणसं असतील, तर १९४८पर्यंत तो मुलूख जंजिऱ्याच्या नवाबाचा.

तुम्हा लोकांचं एक बरं आहे, आडनावातच गाव. पेणकर, रोहेकर, नवगावकर; तालुका कुठला, हा प्रश्नच मिटला. घोळ आहे तो पहिल्या नावात. १७९६मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर गावच्या बोलण्यात सामाजी हसाजी होते. तेव्हा बायबलमधलं नाव घेऊन कागद शोधलास तर हात हलवत परत येशील. जातीच्या रकान्यातही ‘इस्राएल’, ‘यहुदी’, ‘शनवार तेली’ (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली) यांपैकी काहीही असू शकतं.

गंमत म्हणजे वाट मोकळी झाली ती भलत्याच कारणाने. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि राज्यभरचे बस्ते सुटले. गाव नमुना १४मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, कोतवाल बुकं, शाळांची जनरल रजिस्टरं, पाहणीपत्रकं. ठिकठिकाणी मोडी वाचणारे बसवले. शोधल्या कुणबी नोंदी, हे खरं. पण त्याच गावच्या त्याच रजिस्टरात शनवार तेल्याच्या घरचा जन्मही टिपलेला असणारच. मला विचारशील तर तुमच्यासाठी याहून मोठा खजिना नाही, आणि तुमच्यापैकी फार थोड्यांना तो ठाऊक असेल.

पणजीचं नाव मात्र यात क्वचितच मिळेल. त्यासाठी घरातल्या ट्रंका उपस. केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, सापडला तर नवरीचं आणि तिच्या वडिलांचंही नाव हाती लागेल.

तुझ्या आजीच्या पिढीला १९६४मध्ये जेरुसलेमात धरणं धरावं लागलं, कारण तुम्ही यहुदी कशावरून, असं रब्बी विचारत होते. त्या ऑगस्टात क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ठराव केला, ते सर्वार्थाने यहुदीच आहेत म्हणून. तेव्हा लेकीला सांग, ही शोधाशोध कुणाला पुरावा देण्यासाठी नाही. फेरफारात कुणी कुणाकडून वाडी घेतली, कुणाचं कर्ज फिटलं, हे वाचायला मजा येते, म्हणून करायची.

पणजोबांना घरात काय हाक मारायचे, गाव कुठलं आणि अंदाजे साल, एवढं कळव. लोदच्या मावशीला आजच विचार, त्या नव्वदीला टेकल्यात. मग त्या तालुक्याच्या तहसील कचेरीत नकलेचा अर्ज मी घालते, कोर्ट फी स्टॅम्पही माझा.

तुझी,
एडवणची मैत्रीण