राखेची जमीन

सेवानिवृत्तीनंतर माणसे काशी-रामेश्वर करतात. आम्ही चौघे 2017 च्या ऑगस्टमध्ये जावा बेटावरचे ज्वालामुखी पाहण्यास गेलो, याचे इंदूरच्या आप्तेष्टांना अद्याप नवल वाटते. चौघे म्हणजे आम्ही उभयता आणि आमचे व्याही-विहीणबाई. व्याही महाविद्यालयात भूगोल शिकवीत असत. त्यामुळे सहलीत व्याख्यानांचा तुटवडा नव्हता.

आमचे कारण मात्र खात्यातलेच होते. मध्य प्रदेश शासनाच्या महसूल खात्यात आमची हयात माळव्याच्या काळ्या जमिनीच्या नोंदी, मोजण्या आणि बांधांवरचे तंटे पाहण्यात गेली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून थरावर थर वाहिलेल्या लाव्ह्याचा खडक झिजून ही माती झाली, हे वाचून ठाऊक होते. पण पावसाळ्यात पायाला चिकटणाऱ्या त्या गार चिखलाच्या मुळाशी अग्नी असेल, हे मनास कधी पटले नाही. तो अग्नी एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढीच इच्छा होती. व्याह्यांनी लगेच दुरुस्ती केली, की जावाचा अग्नी निराळ्या जातीचा. तेथे समुद्राचा तळ बेटाखाली सरकतो, दाट व वायूंनी भरलेला शिलारस वर येतो, आणि तो वाहण्यापेक्षा स्फोटच अधिक करतो.

सुराबायाहून मोटारीने चेमोरो लावांग या गावी मुक्काम केला. पहाटे जीपने पेनांजाकानच्या कड्यावर गेलो. इतकी थंडी विषुववृत्ताजवळ भरते हे आम्हांस नवे होते. उजाडले तेव्हा खाली प्रचंड वाटोळ्या खोलगटात धुके साचलेले, त्यातून धुरकटणारा ब्रोमो आणि शेजारी घडीघडीच्या वस्त्रासारखा बातोक वर आलेले, आणि पाठीमागे जावातील सर्वांत उंच, 3676 मीटरचा सेमेरू. या सेमेरूने पुढे डिसेंबर 2021 मध्ये पन्नासांहून अधिक बळी घेतले. त्या सकाळी मात्र तो मोठा शालीन दिसत होता.

ब्रोमोच्या पायथ्याशी काळ्या वाळूच्या मैदानात तेंगेर लोकांचे मंदिर आहे. हे लोक हिंदू. कसादा नामक वार्षिक उत्सवात ते धान्य, भाज्या, कोंबड्या, क्वचित बकरेही विवरात अर्पण करतात. त्याच वेळी काही गरीब माणसे जाळी घेऊन विवराच्या आतल्या उतारावर उभी राहतात आणि देवाला टाकलेले वरच्यावर झेलतात. व्याह्यांना हे विचित्र वाटले. आम्हांस त्यात विशेष वावगे दिसले नाही. नैवेद्य कुणाच्या तरी मुखी पडतो, एवढेच.

आमची नजर राहून राहून शेतांकडे जात होती. जेथे उभे राहणेही कठीण, अशा उतारांवर बटाटा, कोबी, कांद्याची पात यांचे ताटवे. आम्ही खसऱ्यात अशी जमीन पडीत म्हणून नोंदविली असती! जावाचे क्षेत्रफळ सुमारे एक लाख तीस हजार चौरस किलोमीटर आणि वस्ती पंधरा कोटींच्या घरात. आमचे राज्य त्याच्या दुपटीहून मोठे. पण 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सव्वासात कोटींच्या आसपास होती. राख जमिनीला नवेपणा देते, म्हणून माणूस राखेची भीती बाळगूनही तेथून हलत नाही.

नंतर बेटाच्या पूर्व टोकाला इजेन. येथे विवरात निळसर हिरव्या, अत्यंत तीव्र आम्लाचे सरोवर आहे, आणि त्याच्या काठावर गंधकाची खाण. भूगर्भातील वायू नळांवाटे आणतात. तो निवून तांबडा द्रव होतो, थिजला की पिवळा. माणसे तो फोडतात, बांबूच्या कावडीत भरतात आणि सत्तर ते नव्वद किलोंचे ओझे खांद्यावरून विवराच्या काठापर्यंत चढवितात. तेथून खाली नेण्यास अलीकडे हातगाड्या आल्या आहेत. त्याच गाड्यांतून प्रवाशांना वर ओढून नेण्याचा नवा धंदाही सुरू झाला आहे.

काठापर्यंतची तीन किलोमीटरची चढण रात्री दोनला सुरू झाली. अर्ध्या वाटेत सौ.च्या गुडघ्यांनी नकार दिला. गाडी हजर होती. एक पुढे ओढणार, दोघे मागून रेटणार. व्याही म्हणाले, "विहीणबाई, माणसाने ओढलेल्या गाडीत बसायचं? आपण सगळेच परत फिरू." सौ. काही बोलली नाही. तिने वाटाड्याकडून गाडीवाल्याला विचारविले, की गंधकाचे काय मिळते. उत्तर आले, किलोमागे हजार रुपिया, म्हणजे आपले पाचेक रुपये. गाडीचे भाडे तिघांत वाटूनही प्रत्येकाच्या वाट्याला एका कावडीच्या मोलाहून कितीतरी अधिक येत होते. "मी साठ किलोंची," ती व्याह्यांना म्हणाली, "आणि मला चाकं आहेत." आणि बसली.

आम्ही गाडीमागून चालत राहिलो. पुढच्या माणसाचा श्वास स्पष्ट ऐकू येत होता. लाज आणि हिशेब ही दोन्ही एकाच वेळी मनात असू शकतात, हे आमच्या खात्याने आम्हांस कधी शिकविले नव्हते.

काठावर पोहोचलो तेव्हा दूर तळाशी निळ्या ज्वाला लुकलुकत होत्या. गंधकाचे तप्त वायू हवा लागताच पेटतात, त्यांच्या. खाली उतरण्याचे आम्ही टाळले. उजेड झाल्यावर ज्वाला मावळल्या आणि पिवळ्या कावडी वर येऊ लागल्या. तोंडाला ओले फडके, खांद्यांवर घट्ट्यांचे उंचवटे. या गंधकाचा एक उपयोग साखर शुभ्र करण्यासाठी होतो, असे वाटाड्याने सांगितले. आपल्याकडील बहुतेक साखर कारखानेही रसशुद्धीस गंधकच जाळतात.

उतरताना व्याही गप्प होते. पायथ्याच्या टपरीवर त्यांनी त्या तिघांसाठी चहा मागविला आणि आपल्या कपात साखर घालू नका, असे सांगितले. गाडीवाल्यांनी मात्र तीन-तीन चमचे घातली, आणि सौ.नेही.