आडिजेच्या काठाने

मुलीकडे युरोपात गेलो असताना उत्तर इटलीतील आडिजे नदीच्या खोऱ्यात चार दिवस सायकलप्रवास करण्याचा योग आला. रेशेन खिंडीजवळ उगम पावणारी ही नदी सुमारे ४१० किलोमीटर वाहत एड्रियाटिक समुद्रास मिळते. ग्लुर्न्स, मेरानो, बोल्झानो, ट्रेंटो यांना जोडणारा तिच्या काठचा सायकलमार्ग बहुतांशी उताराचा आहे. पन्नाशीतल्या गुडघ्यांनाही तो झेपतो.

या खोऱ्यातूनच रोमनांचा ‘व्हिया क्लॉडिया ऑगस्टा’ हा रस्ता जात असे. इ.स.पू. १५ मधील आल्प्स मोहिमेनंतर ड्रुससने तो आखला आणि इ.स. ४६च्या सुमारास त्याचा पुत्र सम्राट क्लॉडियस याने तो पूर्ण केला. राबलांड येथे सापडलेल्या मैलाच्या दगडावर या पितापुत्रांची नावे कोरलेली आहेत. ज्यांनी डोंगर फोडला, त्यांची नाहीत.

रेशेन तलावात चौदाव्या शतकातील एका चर्चचा मनोरा पाण्याबाहेर डोकावतो. १९५० साली वीजनिर्मितीच्या धरणात ग्राउन हे गाव बुडाले. गावकऱ्यांचा विरोध व्यर्थ गेला. प्रवासी तेथे हौसेने छायाचित्रे काढतात.

तेव्हापासून वर्गात सम्राटांची नावे सांगून झाली की मी विद्यार्थ्यांना विचारतो : हा रस्ता कोणाच्या हातांनी झाला? हे पाणी कोणाच्या अंगणावर उभे आहे?