अळ्यांची भूक ओळखताना

पावसाळ्याच्या तोंडावर संध्याकाळी दिव्याखाली पंखवाल्या मुंग्या जमतात. त्यांतली एखादी पंख झडलेली, भिंतीच्या कडेने घाईघाईने जागा शोधत फिरणारी दिसली, तर ती बहुधा मीलन झालेली राणी असते. पुण्यात आमच्या सोसायटीच्या जिन्यात मला अशीच मुंगळ्याची राणी सापडली. झाडावर मावा पडला की खोडावरून ये-जा करणारे मोठे काळे मुंगळे आपण सगळ्यांनीच पाहिलेले असतात. शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस.

राणीला घर म्हणून परीक्षानळी पुरते. तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी आणि तोंडाशी दुसरा बोळा. नळी कपाटात, अंधारात ठेवायची. या काळात तिला काहीही खायला द्यायचं नसतं. पंख गेल्यावर उड्डाणाचे स्नायू निरुपयोगी होतात. ते आणि अंगातली चरबी जिरवून ती स्वतः जगते आणि पहिल्या अळ्यांना भरवते. अंडी, अळ्या, कोष असं करत महिना-दीड महिन्यात पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर येतात. राणीच्या अंगातल्या शिध्यावरच वाढलेल्या असल्यामुळे त्या नेहमीच्या मुंगळ्यांपेक्षा बऱ्याच लहान असतात.

खरं संगोपन इथून सुरू होतं. मी टाचणीच्या टोकावर मावेल एवढा पातळ केलेल्या मधाचा थेंब बोळ्याजवळ ठेवला. एक कामकरी आली, मिशांनी चाचपून पाहिलं आणि पिऊ लागली. भिंगातून पाहिलं तर तिचं पोट फुगत चाललं होतं. पाठीवरच्या काळ्या पट्ट्या एकमेकींपासून दूर सरकल्या आणि मधल्या पातळ पडद्यातून आतला मध चमकू लागला. आत गेल्यावर तिने राणीच्या तोंडाला तोंड लावलं. दोघींच्या जबड्यांमध्ये लखलखणारा थेंब हळूहळू राणीकडे सरकला. मुंगीच्या पोटात दोन कप्पे असतात. एक स्वतःच्या पचनाचा, दुसरा वाटण्यासाठी साठवणीचा. एकीने खाल्लेलं बघता बघता सगळ्यांपर्यंत पोचतं.

मध मात्र मोठ्यांची गरज भागवतो. अळ्यांना वाढायला प्रथिनं लागतात, म्हणजे किडे. पिकल्या केळ्यावरची चिलटं पकडून फ्रीजरमध्ये ठेवायची आणि एकेक करून द्यायची, हे मला सर्वांत सोयीचं पडलं. रॅकेटने मारलेले डासही चालतात. औषध फवारलेल्या घरातला मेलेला किडा कधीच देऊ नये. त्या एका किड्यातलं विष, वाटून खाण्याच्या सवयीमुळे, सगळ्या कुटुंबात पसरतं. नळी असते त्या खोलीत मी डासांची कॉइलही लावत नाही.

किती द्यायचं, हे अळ्या सांगतात. पांढऱ्या, फुगीर अळ्या माना वाकवून तोंड हलवत असतील, तर कामकरी चिलट लगेच ओढून नेतात, चावून रस काढतात आणि अळ्यांना भरवतात. सगळ्या अळ्या कोषात गेल्या की तेच चिलट पडून राहतं. कोषांना भूक नसते. नव्या पिढीच्या अळ्या मोठ्या होईपर्यंत मग मी फक्त गोड देतो. ठरावीक वारी ठरावीक खाऊ देण्यापेक्षा हे पाहून देणं कितीतरी सुरक्षित. उरलेलं दुसऱ्या दिवशी चिमट्याने काढावंच लागतं, कारण पावसाळी दमट हवेत त्यावर बुरशी चढायला वेळ लागत नाही.

दुसरा धोका घरातल्याच बारीक लाल मुंग्यांचा. मधाच्या वासावर त्या येतात आणि दुबळ्या कुटुंबाचा फडशा पाडू शकतात. यावर आपल्या स्वयंपाकघरातलाच उपाय लागू पडतो. परातीत पाणी घालून मधोमध वाटी उपडी ठेवायची आणि तिच्यावर नळीचं खोकं. नळीभोवती लाल जिलेटिन कागद गुंडाळला की आपल्याला आतलं दिसतं. लाल प्रकाश मुंग्यांना फारसा जाणवत नाही, त्यामुळे त्यांना मात्र अंधारच वाटतो. तरी रोज नळी उचलून पाहू नये. धक्क्यांनी राणी बिथरते आणि कधी स्वतःचीच अंडी खाते.

इंग्रज अभ्यासक सर जॉन लबक काचेच्या तावदानांमध्ये मुंग्या पाळत. 1882 मध्ये त्यांचं मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवरचं पुस्तक निघालं. त्यांच्याकडची एक राणी 15 वर्षांच्या आसपास जगली. मुंगळ्याची राणीही वर्षानुवर्षं जगते आणि तिचं कुटुंब शेकड्यांनी वाढतं. म्हणून मुंग्या पाळाव्याशा वाटणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच : राणीसाठी वारूळ खणू नका, दूरच्या प्रदेशातली मुंगी मागवू नका. आपल्याच परिसरात पावसात सापडलेली राणी घ्या, आणि तीही इतकी वर्षं तिच्या अळ्यांकडे लक्ष ठेवायची तयारी असेल तरच.